नावाचं चित्र काढायचंय? सजावट राहू द्या, आधी नावाशी ओळख करून घ्या

नावाचं चित्र म्हटलं की बहुतेकजण फुगीर अक्षरं काढतात, त्यात आवडीचे रंग भरतात आणि उरलेल्या जागेत गिटार, पुस्तक, फुटबॉल, कॅमेरा असं जे जे आवडतं ते सगळं बसवून टाकतात. दिसतं छानच. पण त्याच नावाच्या दुसऱ्या कुणीतरी, ज्याला गिटार आणि पुस्तकं आवडतात, त्याने काढलं असतं तरी जवळपास हेच चित्र झालं असतं ना? मग त्यात तुम्ही कुठे आहात?

म्हणून या पूर्ण लेखात मी एकच कसोटी धरून चालणार आहे: माझ्याच नावाचा दुसरा माणूस हेच चित्र काढू शकला असता का? उत्तर हो आलं तर अजून काम बाकी आहे. आणि ते काम बहुतेक वेळा नावाच्या भोवती काही लावून होत नाही, ते अक्षरांच्या आतच करावं लागतं, म्हणजे कुठलं अक्षर मोठं, कुठलं दबलेलं, कुठे फट, कुठे रेघ तुटलेली, हे तुमच्या आणि तुमच्या नावाच्या नात्यावरून ठरवायचं. चित्रकला यायलाच पाहिजे असं काही नाही. सरळ रेघ मारता आली नाही तरी चालतं, पट्टी असते त्यासाठी.

पायरी १: कुठलं नाव?

हा प्रश्न सोपा वाटतो पण इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. आपल्याला एकच नाव नसतं. कागदपत्रावरचं नाव, घरातलं नाव, मित्रांनी पाडलेलं नाव, ऑफिसमधे आडनावाने मारलेली हाक, गेममधला किंवा सोशल मीडियाचा हँडल, कधीकाळी असलेलं आणि आता सोडून दिलेलं नाव. एका कागदावर ही सगळी लिहून काढा, एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे कोण या नावाने हाक मारतं ते लिहा. मग प्रत्येक नाव मोठ्याने म्हणून बघा. काही नावं म्हणताना मान वर होते आणि काही म्हणताना कुणीतरी रागवतंय असं वाटतं, हे खरंच होतं, करून बघा.

त्यातलं एक नाव निवडा, आणि शक्यतो ज्याबद्दल काहीतरी वाटतं तेच. फक्त छान दिसेल म्हणून निवडलं तर पुढे सांगायला काही उरत नाही. मग त्या नावाबद्दल साधारण पंधरा-वीस मिनिटं न थांबता लिहा. शुद्धलेखन बघू नका, कुणी वाचणार नाहीये. अडकलात तर हे प्रश्न घ्या: हे नाव कुणी ठेवलं, मुळात कुणाचं होतं? नाव आवडत नव्हतं असा काळ होता का? लोक कुठे चुकतात, उच्चारात की लिहिण्यात, आणि चुकले की तुम्ही दुरुस्त करता की सोडून देता? एकाच वर्गात तुमच्या नावाचे दोनतीन जण होते का आणि मग तुम्हाला वेगळं ओळखायला काय म्हणायचे? नावाच्या अर्थासारखे तुम्ही आहात का, की अगदी उलटे? नाव बदलायची संधी मिळाली तर बदलाल का? बदललं असेल तर जुन्याचं काय केलंत?

अर्थाबद्दल एक सावधगिरी. नावाचा अर्थ शोधून थेट त्याचंच चित्र काढायचा मोह होतो, किरण आहे म्हणून सूर्यकिरण, सागर आहे म्हणून लाटा. पण हे त्या नावाच्या कुणीही केलं असतं, आपली कसोटी इथेच नापास. अर्थ घ्यायचाच असेल तर तुमचं त्याच्याशी जमतं का भांडण आहे ते घ्या. पाण्याला घाबरणारा सागर हा विषय लाटांपेक्षा कितीतरी चांगला.

लिहून झालं की परत वाचा आणि ज्या दोनतीन ओळींवर थबकलात त्यांच्याखाली रेघ ओढा. चित्र यांच्यातूनच येणार आहे, बाकीचा कागद बाजूला ठेवला तरी चालेल.

पायरी २: अक्षरं नीट बघणं

आपण आपलं नाव इतक्या वेळा लिहिलेलं असतं की ते दिसेनासं होतं, हात आपोआप चालतो. म्हणून आधी ते अनोळखी करायचं. नाव मोठं लिहा आणि कागद उलटा फिरवून बघा. मग आरशात बघा. मग डाव्या हाताने लिहा (डावखुरे असाल तर उजव्या). आता ते आकार म्हणून दिसायला लागेल.

देवनागरीत बघण्यासारखं भरपूर आहे. दंड, म्हणजे अक्षरातली उभी रेघ, कुठे आहे ते बघा: त, म, प, न, स यांना शेवटी दंड आहे, क आणि फ यांच्या मधोमध आहे, आणि र, द, ट, ड, ह, ळ यांना पूर्ण उभा दंडच नाही, ती नुसती शिरोरेखेला लटकतात. ठ, व, ब यांच्यात बंद पोकळी आहे, ग आणि त उघडे आहेत. ध, भ, थ यांच्या डोक्यावरची रेघ पूर्ण नसते, एका बाजूला मोकळी असते. जोडाक्षर असेल तर ते कसं जोडलंय, तन्वीमधल्या न् सारखं अर्धं होऊन शेजाऱ्याला टेकलंय, सिद्धीतल्या द्ध सारखं एकात एक अडकलंय, की क्ष आणि ज्ञ सारखं दोघांचं मिळून तिसरंच काहीतरी झालंय? अर्चनामधला र् तर स्वतःची जागा सोडून च च्या डोक्यावर जाऊन बसतो. आणि ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते पण कागदावर त्याच्या आधी उभी राहते.

हे सगळं व्याकरण म्हणून सांगत नाहीये, ही तुमच्या हातातली हत्यारं आहेत. ज्याच्या नावात एकही बंद आकार नाही, सगळी अक्षरं उघडी, त्याला चित्रात मोकळेपणा आयता मिळतो, आणि ज्याचं आख्खं नाव जोडाक्षरांनी भरलंय त्याला गर्दी आयती मिळते. आपल्या लिहिलेल्या ओळींशी यातलं काय जुळतंय ते शोधा. नाव दुसऱ्या लिपीतही लिहीत असाल तर तेही असंच तपासा, दोन लिप्यांमधे तुम्ही वेगळे वाटता का बघा, कित्येकांना वाटतं तसं.

पायरी ३: वाटण्याचं रेषेत रूपांतर

आता मुख्य भाग. रेघ ओढलेल्या ओळी समोर ठेवा आणि प्रत्येक ओळीला एक दृश्य निर्णय द्या. एक ओळ, एक निर्णय, जास्त नको.

आकार आणि जाडी आधी घेऊ कारण ते सगळ्यात लवकर बोलतात. समजा तुम्ही लिहिलंय की घरात माझ्या नावाचं पहिलंच अक्षर पोचतं, पुढचं कुणी म्हणतच नाही. मग पहिलं अक्षर जाड, काळं, भरीव आणि पुढची फिकट पेन्सिलीत, जवळजवळ न दिसणारी. उलटंही होऊ शकतं, सुरुवात बारीक आणि शेवटाकडे जाड होत जाणारं नाव, जो माणूस उशिरा मोकळा झाला त्याचं. एक लक्षात ठेवा की फरक करायचा तर ठळक करा. जाडी दीडपट केली तर ती चूक वाटते, चारपट केली की तो निर्णय वाटतो.

अंतर. दोन अक्षरांमधली फट हे माझं सगळ्यात आवडतं साधन आहे आणि लोक ते अजिबात वापरत नाहीत. नाव आणि आडनाव यांच्यात किती जागा? चिकटलेले, एकमेकांवर चढलेले, की कागदाच्या दोन टोकांना? आडनाव बदललेल्या माणसासाठी हे एकच साधन पुरतं. जुनं आडनाव खाली फिकट, त्यावर नवीन, आणि दोन्हीत असलेलं एखादं समान अक्षर गडद, एवढ्यावर पूर्ण चित्र उभं राहतं.

शिरोरेखा. ही अखंड ठेवायची का तोडायची? अखंड रेघ सगळ्या अक्षरांना एकत्र धरून ठेवते, तोडली की प्रत्येक अक्षर एकटं. ती जमीन होऊ शकते, दोरी होऊ शकते, खाली झुकू शकते, कागदाच्या बाहेर निघून जाऊ शकते. कुणाच्या नावावरून ठेवलेलं नाव असेल तर शिरोरेखा डावीकडे कागदाच्या कडेपर्यंत नेऊन सोडा, ती आधीपासून कुठूनतरी चालत आलीये असं दिसतं. पूर्णच काढून टाकली तर देवनागरी अक्षरं एकदम हलकी आणि थोडी बेवारस दिसतात, तेही कधीकधी हवं असतं.

भरलेलं आणि रिकामं. चिनी नाममुद्रा दोन प्रकारे कोरतात, एकात अक्षरं लाल उठतात आणि पार्श्वभूमी कागदाची राहते, दुसऱ्यात पार्श्वभूमी लाल आणि अक्षरं पांढरी. नाव तेच, पण एकात ते पुढे येऊन उभं राहतं आणि दुसऱ्यात भोवतालच्या गोष्टींनी त्याला आकार दिलाय असं वाटतं. तुम्ही कुठले? ज्याला वाटतं की मला माझ्या माणसांनीच घडवलं त्याने अक्षरं कोरी सोडावीत आणि भोवतालची जागा त्या माणसांच्या नावांनी, त्यांच्या बोलण्यातल्या वाक्यांनी बारीक अक्षरात भरून टाकावी. लांबून नाव दिसतं, जवळ गेलं की माणसं.

वाचता आलं पाहिजे का? नाही, सक्ती नाही. ऑटोमन सुलतानांचा तुघरा बघा, त्यात सुलतानाचं नाव, वडिलांचं नाव आणि ‘सदैव विजयी’ अशी बिरुदावली असते, पण तीन उंच उभ्या रेषा आणि डावीकडचे मोठे वळसे यात ते असं गुंफलेलं असतं की सवय नसलेल्याला अक्षर लागत नाही, तरी ती खूण एखाद्याचीच आहे हे कळतं. दुसऱ्या टोकाला जर्मन चित्रकार ड्यूररची खूण, मोठा ए आणि त्याच्या दोन पायांमधे डी, इतकी साधी की कुणीही ओळखेल. आणि व्हिसलर या चित्रकाराने तर आपल्या आद्याक्षरांचं फुलपाखरू करून टाकलं आणि पुढे त्याला नांगीसारखी शेपटी दिली, भांडखोर माणूस होता, सहीतही ते आलं! आपल्याकडे मराठी नाटकांच्या शीर्षकांची कमल शेडगेंनी केलेली अक्षरं बघा, नाटकाचा मूड अक्षराच्या वळणातच असतो, बाजूला वेगळं चित्र लागत नाही. नावाच्या चित्रात नेमकं हेच साधायचंय.

रंग मुद्दाम शेवटी. आवडता रंग म्हणून रंग घेऊ नका, ओळीतून काढा. त्या नावाने हाक मारणारा आवाज कसला होता, ती हाक ऐकताना आजूबाजूला काय दिसायचं? दोन रंग आणि कागदाचा पांढरा एवढं भरपूर. नावावर प्रेम आहे आणि रागही आहे असं असेल तर दोन्ही रंग एकाच अक्षरात येऊ द्या.

पायरी ४: छोटे छोटे कच्चे आराखडे

थेट मोठ्या कागदावर जाऊ नका. साध्या कागदावर काड्यापेटीपेक्षा जरा मोठे, साधारण ५ बाय ७ सेंटीमीटरचे चौकोन आखा आणि प्रत्येकात एक कल्पना. पंधरा तरी करा. पहिले पाचसहा सगळ्यांना सुचतात तेच असतात, ते होऊन जाऊ द्यात, त्यानंतर वैताग येतो आणि वैतागानंतर काहीतरी स्वतःचं यायला लागतं. एका चौकोनात नाव उभं लिहा, एकात कागदाबाहेर अर्धं गेलेलं, एकात फक्त एकच अक्षर. कंटाळा आला तर नियम लावून घ्या, जसं की या चौकोनात फक्त सरळ रेषा, या चौकोनात पेन्सिल उचलायची नाही.

इथेच घडीचा खेळही करून बघा, मुलांना तर फारच आवडतो. कागदाची लांबीच्या दिशेने घडी घाला, उघडा, आणि घडीच्या रेषेवर अक्षरांचे पाय टेकतील असं नाव मऊ पेन्सिलीने, ६बी असेल तर उत्तम, दाबून लिहा. घडी परत घालून पाठीमागून चमच्याच्या पाठीने घासा की आतल्या दुसऱ्या बाजूला उलटा ठसा पुसट उमटतो, तो गिरवा. आता कागद उभा धरला की त्यात मुखवटा, किडा, प्राणी काहीतरी दिसायला लागतं. नावात उकार असेल तर तो घडीच्या पलीकडे जातो, अशा वेळी शिरोरेखा घडीवर ठेवा म्हणजे उकाराला जागा राहते. नावात मात्राही आहे आणि उकारही, तर दोन्हीतलं एक पलीकडे जाणारच, त्याला तसंच जाऊ द्या, त्या प्राण्याला एक जास्तीचं शिंग आलं असं समजा.

पंधरा झाले की भिंतीला टेकवून लांबून बघा आणि एक निवडा. सुबक आहे म्हणून नको. ज्याबद्दल ‘हे कुणाला दाखवावं की नाही’ असं वाटतंय, बहुतेकदा तोच बरोबर असतो.

पायरी ५: सामान

यावर फार लिहीत नाही कारण लोक सामान जमवण्यातच महिना काढतात. २एच किंवा एचबी पेन्सिल आखणीला, ४बी ते ६बी गडद कामाला, चांगला खोडरबर, पट्टी, दोन फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाची पेनं (०.३ आणि ०.८ मिलिमीटरची), एक चपट्या टोकाचा मार्कर किंवा बोरू. कागद पेन आणि मार्करसाठी २०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप, जास्त म्हणजे जाड कागद) आसपासचा, जलरंग वापरणार असाल तर ३०० जीएसएमचा, नाहीतर पाण्याने सुरकुततो. पेनाच्या शाईवर पाणी लावणार असाल तर शाई पिगमेंटची, वॉटरप्रूफ आहे ना ते बघा, नाहीतर पहिल्याच ब्रशला नाव वाहून जाईल. हातात मोबाईल किंवा टॅबलेट आहे आणि त्यावरच करायचंय तरी चालेल, फक्त तयार फॉन्ट घेऊ नका, सगळा मुद्दाच निघून जातो.

पायरी ६: मोठ्या कागदावर

ए४ आडवा धरला तर रुंदी २९.७ सेंटीमीटर. दोन्हीकडे अडीच अडीच सोडले की पावणेपंचवीसच्या आसपास उरतात, तीन अक्षरी नावाला एका अक्षरामागे साधारण आठ. पण हे नुसतं अंदाजाला, कारण र ला कमी जागा लागते आणि क्ष किंवा ज्ञ ला जास्त. समान अंतर पट्टीने मोजून ठेवलं तर उलट विस्कळीत दिसतं, म्हणून अक्षरांमधे अडकलेली पांढरी जागा डोळ्याला सारखी वाटली पाहिजे असं ठेवा (मुद्दाम बिघडवायची नसेल तर).

उंचीसाठी तीन पट्टे आखा. मधला मुख्य अक्षराचा, वरचा मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफारसाठी आणि खालचा उकारासाठी. मधला ८ सेंटीमीटर घेतला तर वर खाली प्रत्येकी तीन-चार ठेवा. वर जागा न सोडता सुरुवात केली की मात्रा कागदाच्या कडेला चेपते, हे नवख्यांचं हमखास होतं.

निवडलेला छोटा आराखडा मोठा करायला दोन्हीवर सारख्या संख्येचे चौकोन आखा आणि चौकोनागणिक उतरवा. किंवा वेगळ्या कागदावर पूर्ण आकारात कच्चं काढून, त्या कागदाच्या पाठीला ४बी पेन्सिल चोळून, चांगल्या कागदावर ठेवून गिरवा. शाई लावायच्या आधी एकदा कागद उलटा करून बघा, तोल कुठे गेलाय ते उलट्यात लगेच कळतं.

बोरू किंवा चपटा मार्कर असेल तर टोकाचा कोन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ठेवा, साधारण ४५ अंश, जाड-बारीक रेघ मग आपोआप येते, मनगट वळवून आणायची नाही. शाई झाली की घाईने खोडरबर फिरवू नका, पूर्ण वाळू द्या, मार्करची काळी भरीव जागा तर वरून वाळलेली दिसते आणि आत ओली असते.

लपवायचं असेल तर एक मस्त युक्ती आहे. पांढऱ्या ऑइल पेस्टलने किंवा मेणबत्तीच्या तुकड्याने कोऱ्या कागदावर जुनं नाव, सोडलेलं नाव दाबून लिहा, दिसणार नाही. वरून पातळ जलरंगाचा हात मारा. मेणावर पाणी धरत नाही त्यामुळे ते नाव पांढरं उमटून येतं. ज्यांच्या ओळींमधे ‘आता कुणी त्या नावाने हाक मारत नाही’ असं काही आलंय त्यांच्यासाठी याच्यापेक्षा नेमकं तंत्र मला माहीत नाही.

रेषा हलली, डाग पडला तर लगेच पांढरा रंग लावू नका. एक दिवस तसंच ठेवा. पुष्कळदा तो डाग बाकीच्या चित्रापेक्षा जास्त खरा असतो.

पायरी ७: दाखवणं, आणि ग्रुपमधे करणार असाल तर

चित्राच्या मागे तारीख आणि तुमच्या निर्णयांबद्दल दोनचार ओळी लिहा, दुसरं अक्षर का तुटलंय वगैरे. समोरच्याला दाखवताना मात्र आधी समजावून सांगू नका. ‘कसं झालंय’ विचारलं तर ‘छान’ एवढंच मिळतं. त्यापेक्षा ‘यातलं कुठलं अक्षर तुला एकटं वाटतं’ किंवा ‘हा माणूस मोठ्याने बोलणारा वाटतो का हळू’ असं विचारा, मग जे ऐकायला मिळतं ते खरंच कामाचं असतं, काहीवेळा तर आपल्याला न कळलेलं.

वर्गात किंवा वर्कशॉपमधे घेत असाल तर एक गोष्ट कृपा करून पाळा, नावामागची गोष्ट सांगायची सक्ती कुणावर करू नका. काहींचं नाव चिडवण्याचं कारण असतं, काहींनी ते मुद्दाम टाकून दिलेलं असतं, काहींचं नाव अशा माणसाने ठेवलेलं असतं ज्याच्याबद्दल बोलवत नाही. कुठलंही नाव घ्यायची मोकळीक द्या, स्वतः ठेवलेलंही, आणि ‘मी पास’ म्हणायचीही. लहान मुलांना पायरी एक तोंडी करून घ्या आणि थेट घडीच्या खेळावर जा, तासाभराच्या वर ताणू नका. आणि भिंतीवर लावताना सुबकतेप्रमाणे क्रम लावू नका, पुढच्या वेळी सगळेजण फुगीर अक्षरांवर परत जातील.

ऑनलाइन टाकणार असाल तर फोटो खिडकीजवळच्या मऊ उजेडात, थेट ऊन नको, मोबाईल कागदाला समांतर धरून काढा, स्कॅन असेल तर ३०० डीपीआय. आणि चित्रात तुमची खरी सही वापरली असेल, किंवा कोलाजमधे जुन्या कागदपत्रांच्या झेरॉक्स लावल्या असतील, तर जन्मतारीख, आयडी नंबर आणि सही झाकून मगच अपलोड करा, बँकेत चालणारी सही चित्र म्हणूनसुद्धा नेटवर टाकायची नाही.